चार हात दूर : साथीच्या काळातील सायकलस्वारांचा जथा

जयपूर शहरात सायकल चालवावयाची तर ती पहाटेच. मे-जून महिन्यांत तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि सकाळचे आठ वाजले की डांबरी रस्ता तापू लागतो. म्हणून हौशी सायकलस्वार उजाडण्यापूर्वीच बाहेर पडतात. दक्षिणेकडील जवाहर सर्कलपासून जवाहरलाल नेहरू मार्गाने उत्तरेकडे यावे, जुन्या तटबंदीच्या शहराला लागावे, जोरावरसिंह दरवाज्यातून बाहेर पडून जलमहालाच्या कडेने आमेर गाठावे, अथवा अंगात बळ असेल तर नाहरगडाचा चढ चढावा, असा हा सुमारे वीस किलोमीटरांचा मार्ग आहे. ह्या वाटेवर एकटा सायकलस्वार दिसतो, पण त्याहून अधिक दिसतात ते जथे. पाच, दहा, कधी वीस सायकली एकमेकींच्या मागे, जणू एका दोरीत ओवल्याप्रमाणे जात असतात.

२०२० साली करोना विषाणूची साथ आली आणि ह्या जथ्यांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहिला. माणसामाणसांत सहा फुटांचे अंतर असावे असा नियम झाला. परंतु जथ्याने सायकल चालविणे ह्याचा अर्थच मुळी अंतर कमी करणे असा आहे. ज्या क्रियेचे सारे तंत्र जवळ राहण्यावर आधारलेले आहे, ती क्रिया दूर राहून करता येईल काय? प्रश्न हौशी मंडळींचा आणि म्हणून किरकोळ वाटेल. पण त्याचे उत्तर शोधू लागले की हवा कशी वाहते, रोग कसा पसरतो, नियम कसे केले जातात आणि माणसे एकत्र का येतात, ह्या चारही गोष्टींचा विचार करावा लागतो. ह्या प्रकरणात तो क्रमाने करावयाचा आहे.

अंतराचे माप

प्रथम त्या सहा फुटांविषयी. एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधानांनी सरपंचांशी बोलताना ‘दो गज दूरी’ हे शब्द उच्चारले आणि ते देशभर घोषवाक्य झाले. गज म्हणजे आपला वार. एका वाराचे तीन फूट. तेव्हा दोन गजांचे सहा फूट, अर्थात सुमारे १.८ मीटर. मराठीत कापड आणि जमीन मोजण्याचे जुने माप हात होते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे एक हात, साधारण दीड फूट. दोन गजांचे बरोबर चार हात होतात. एखाद्यापासून चार हात दूर राहावे असे आपण पूर्वापार म्हणत आलो आहोत. शासनाने सांगितलेले अंतर आणि आपल्या वाक्प्रचारातील अंतर एकच निघावे, हा योगायोग मौजेचा आहे.

हे माप आले कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९७ च्या सुमारास, कार्ल फ्ल्यूगे ह्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की माणूस बोलतो किंवा खोकतो तेव्हा त्याच्या तोंडातून बारीक थेंब उडतात, त्यांत जंतू असू शकतात आणि बहुतेक थेंब थोड्याच अंतरावर खाली पडतात. मुंबईत आलेल्या प्लेगमुळे आपल्या देशात साथरोगांचा कायदा झाला तोही १८९७ सालीच. १९३४ मध्ये अमेरिकेतील विल्यम वेल्स ह्यांनी ह्या विचाराला पुढची जोड दिली. मोठा थेंब जड असल्यामुळे सुकण्यापूर्वीच जमिनीवर पडतो. लहान थेंब पडण्यापूर्वीच सुकतो आणि त्याचा उरलेला सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतो. पहिल्या प्रकारच्या थेंबापासून वाचण्यास चार हातांचे अंतर बरेचसे पुरते. दुसऱ्या प्रकारच्या कणापासून वाचण्यास अंतराइतकीच, किंबहुना अधिक, मोकळी हवा उपयोगी पडते. साथीच्या आरंभी पहिल्या प्रकारावर भर होता. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष वेधले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची दखल घेतली. हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा, कारण सायकलच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

येथे एका शब्दाबद्दलही सांगितले पाहिजे. ह्या नियमाला प्रथम ‘सामाजिक अंतर’ असे नाव पडले. आपल्या समाजात सामाजिक अंतर ह्या शब्दांमागे विहीर, देऊळ आणि पंगत ह्यांचा फार जुना आणि कडवट इतिहास आहे. मार्च २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने ‘शारीरिक अंतर’ हा शब्द पसंत केला तो असे सुचविण्यासाठी की शरीरे दूर ठेवावयाची आहेत, संबंध तोडावयाचे नाहीत. हाच शब्द अधिक नेमका आहे, आणि जथ्याच्या बाबतीत तर तो फारच नेमका आहे, हे पुढे दिसेल.

जथा का बनतो

सपाट रस्त्यावर सायकल चालविणाऱ्याचा मुख्य शत्रू हवा हा असतो. वेग कमी असताना तो जाणवत नाही. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरांवरून वेग ३० वर नेला, म्हणजे दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध कापण्यासाठी दर सेकंदाला खर्चावी लागणारी शक्ती तर आठपट होते. पायांना हे गणित न शिकविताच समजते.

आता एका सायकलस्वाराच्या अगदी मागे दुसरा आला तर काय होते? पुढच्याने हवा बाजूला सारलेली असते. त्याच्या पाठीमागे कमी दाबाची एक पोकळी तयार होते आणि हवा त्याच्याबरोबर काहीशी ओढली जाते. ह्या पोकळीत चाकाला चाक लावून चालणाऱ्या मागच्या स्वाराचे श्रम पाव ते एकतृतीयांश वाचतात. पुढचा थकला की बाजूला होऊन शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. आकाशात बगळ्यांची रांग असेच आळीपाळीने पुढारपण वाटून घेते. शर्यतीतील मोठ्या थव्यात हा लाभ आणखी वाढतो. बर्ट ब्लोकेन ह्या बेल्जियन अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या थव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. थव्याच्या मध्यभागी खोलवर असलेल्या स्वाराला एकट्या स्वाराच्या मानाने हवेचा विरोध केवळ पाच ते दहा टक्के इतकाच होतो, असे त्यांना आढळले.

मात्र ह्या लाभासाठी चाकाचाकातील अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास ठेवावे लागते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारा स्वार एका सेकंदात सुमारे सात मीटर जातो. अर्धा मीटर म्हणजे त्याच्या दृष्टीने सेकंदाचा चौदावा भाग. इतक्या वेळात कोणालाही ब्रेक दाबता येत नाही. म्हणजे मागचा स्वार आपल्या डोळ्यांवर कमी आणि पुढच्याच्या शहाणपणावर अधिक विसंबून असतो. पुढचा खड्डा पाहून हाताने खूण करतो, ‘खड्डा’, ‘गाडी’, ‘थांबा’ असे ओरडतो आणि ते शब्द रांगेतून मागे मागे जातात. म्हणून जथा ही हवा कापण्याची युक्ती आहे, तशीच ती विश्वासाची एक व्यवस्थाही आहे.

थांबलेल्याचे अंतर आणि धावत्याचे अंतर

चार हातांचे माप उभ्या माणसांसाठी होते. दुकानापुढे रांगेत उभे राहिलेल्यांसाठी खडूने गोल आखले गेले ते ह्याच मापाने. पण धावणाऱ्या किंवा सायकल चालविणाऱ्या माणसाचे काय? पुढच्या स्वाराच्या तोंडातून निघालेला थेंब जमिनीकडे पडत असताना मागचा स्वार स्थिर नसतो. तो त्या थेंबाकडे सेकंदाला सात मीटर वेगाने येत असतो. सहा फुटांचे अंतर त्याच्या लेखी जेमतेम पाव सेकंदाचे आहे. शिवाय श्वसनाचाही विचार केला पाहिजे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. चढ चढणारा स्वार साठ, ऐंशी, कधी शंभर लिटरही करतो.

एप्रिल २०२० मध्ये वर उल्लेखिलेल्या ब्लोकेन ह्यांनी संगणकाच्या साहाय्याने ह्या प्रश्नाचे गणित मांडले. उभ्या माणसांसाठी दीड मीटर अंतर सुरक्षित मानले, तर एकामागून एक भरभर चालणाऱ्यांनी चार ते पाच मीटर, धावणाऱ्यांनी व सावकाश सायकल चालविणाऱ्यांनी दहा मीटर आणि वेगाने सायकल चालविणाऱ्यांनी वीस मीटर अंतर ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. शेजारी शेजारी किंवा तिरकस रांगेत चालल्यास, वारा नसेल तर, धोका बराच कमी होतो, हेही त्यांनी दाखविले.

हा निष्कर्ष जगभर पसरला आणि त्यावर टीकाही झाली. शास्त्रीय नियतकालिकाच्या छाननीतून तो तेव्हा गेलेला नव्हता. दुसरे असे की हे संशोधन हवेच्या प्रवाहाचे होते, रोगाचे नव्हते. थेंब कोठवर जातो हे त्याने सांगितले. त्या थेंबाने माणूस आजारी पडतो की नाही, हे सांगितले नाही आणि सांगण्याचा दावाही केला नाही. विज्ञानाच्या अभ्यासकाने येथे एक धडा घ्यावा. एका प्रश्नाचे अचूक उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले की गोंधळ होतो.

रस्त्यावर मांडून पाहू

तरीही ते वीस मीटर खरे धरून जयपूरच्या रस्त्यावर एक जथा मांडून पाहू. सायकलची लांबी पावणेदोन मीटर धरू आणि स्वार दहा घेऊ. चाकाचाकात अर्धा मीटर ठेवले तर रांगेची लांबी २२ मीटर होते. सहा फूट ठेवले तर ३४ मीटर. दहा मीटर ठेवले तर सुमारे १०८ मीटर आणि वीस मीटर ठेवले तर जवळजवळ २०० मीटर.

ह्याचा व्यवहारातील अर्थ काय? ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी २२ मीटरांची रांग एखादा चौक चार सेकंदांत ओलांडते. २०० मीटरांच्या रांगेला त्याच चौकात ३६ सेकंद लागतात. तेवढ्यात दिवा लाल होतो, अर्धे पलीकडे जातात, अर्धे अलीकडे राहतात आणि मधल्या मोकळ्या जागांत रिक्षा, मोटारी व दुधाच्या मोटारसायकली शिरतात. पुढच्याने ओरडून दिलेली सूचना वीस मीटरांवर ऐकू येत नाही, आणि तोंडाला मुखपट्टी असेल तर दहावरही येत नाही. शेजारी शेजारी चालावे म्हटले तर दोन हॅंडलांची रुंदी आणि मधले सहा फूट मिळून तीन मीटर होतात. वाहनांसाठी आखलेली एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरांची असते. ती एवढ्यानेच व्यापली जाते. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसविले तेव्हा मुख्य रस्ते १११ फूट रुंद आखले असे सांगतात. त्या रुंदीलाही आज दुतर्फा उभ्या केलेल्या वाहनांनी बांध घातला आहे.

म्हणजे गणित असे सांगते की अंतर पाळले तर जथा जथा राहत नाही. श्रमाची बचत जाते, सूचना देण्याची सोय जाते, आणि रस्त्यावरील अपघाताचा धोका मात्र काही प्रमाणात वाढतो. एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेणे, ही साथीच्या काळातील अनेक नियमांची अडचण होती.

नियमांची भाषा

निरनिराळ्या शासनांनी ह्या अडचणीतून निरनिराळ्या वाटा काढल्या. स्पेनने १४ मार्च २०२० पासून हौसेची सायकल बंद केली आणि २ मे रोजी ठरावीक वेळांत ती पुन्हा खुली केली. फ्रान्सनेही ११ मेपर्यंत व्यायामासाठी सायकल चालवू दिली नाही. पडून जखमी झालेल्यांचा भार रुग्णालयांवर येऊ नये, हा त्यामागील एक विचार होता. इंग्लंडमध्ये १ जूनपासून निरनिराळ्या घरांतील सहा जणांपर्यंत लोकांना उघड्यावर एकत्र येण्याची मुभा मिळाली.

महाराष्ट्र शासनाने ३१ मे २०२० रोजी काढलेला आदेश ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात पहाटे पाच ते सायंकाळी सात ह्या वेळेत उघड्यावर चालणे, धावणे व सायकल चालविणे ह्यांस परवानगी दिली. सामूहिक व्यायामास मनाई केली. आणि त्याबरोबरच लोकांनी सायकल चालवावी असे उत्तेजनही दिले, कारण सायकलीमुळे अंतर आपोआपच राखले जाते असे आदेशकर्त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे एकट्या स्वारापुरते पूर्णपणे खरे आहे आणि जथ्यापुरते जवळजवळ उलट आहे. एकाच वाहनाने माणूस चार हात दूरही राहू शकतो आणि अर्ध्या मीटरवर येऊनही ठेपतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२० च्या आरंभी हा भेद स्पष्ट केला. एकट्याने सायकल चालविणाऱ्यास मुखपट्टीची सक्ती नाही. परंतु दोघे-तिघे मिळून सायकल चालवीत वा धावत असतील तर मुखपट्टीही हवी आणि अंतरही हवे.

वेळेच्या नियमाचा परिणाम तर अनेकदा कोणाच्या लक्षातच येत नाही. मे २०२० मध्ये देशभर रात्री सात ते सकाळी सात अनावश्यक संचारास मनाई होती. जयपुरात त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. सातपर्यंत तो चांगला वर आलेला असतो. १ जूनपासून ही बंदी रात्री नऊ ते पहाटे पाच अशी झाली, तेव्हा कोठे पहाट मोकळी झाली. पण मोकळा वेळ जितका थोडा, तितकी त्या वेळेत रस्त्यावर माणसे अधिक. संचाराची वेळ आखडून घेणारा नियम आणि अंतर वाढविण्यास सांगणारा नियम हे असे एकमेकांस छेद देतात. त्यात सायकलींची संख्याही वाढत होती. देशातील सायकल उत्पादकांच्या संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार मे २०२० मध्ये सुमारे साडेचार लाख सायकली विकल्या गेल्या आणि सप्टेंबरात ही संख्या अकरा लाखांवर गेली.

धोका नेमका कोठे होता

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साथीच्या पहिल्या दीड वर्षात जे अभ्यास झाले, त्यांचा आढावा घेणाऱ्यांना असे आढळले की एकंदर संसर्गापैकी एकदशांशाहूनही कमी संसर्ग उघड्यावर झाला होता. बंद खोलीत सूक्ष्म कण तासन् तास साचतात. उघड्यावर वारा त्यांना क्षणात विरळ करतो. वेल्स ह्यांचा भेद येथे उपयोगी पडतो. चालत्या जथ्यात मोठे थेंब मागच्यावर उडण्याचा संभव राहतो, परंतु सूक्ष्म कणांचा ढग साचत नाही.

मग धोका कोठे? तो चाके फिरत असताना कमी आणि चाके थांबल्यावर अधिक होता. सकाळच्या फेरीचा शेवट कसा होतो ते आठवावे. आमेरच्या रस्त्याकडेला सायकली एकीवर एक रेलून ठेवतात. धाप अजून कमी झालेली नसते. एकाच बाकावर चौघे बसतात, चहा आणि गरम कचोरी येते, मुखपट्टी हनुवटीखाली जाते, एकाची पाण्याची बाटली दुसरा तोंडाला लावतो, छायाचित्रासाठी सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. रस्त्यावर अर्ध्या मीटरवर असलेला सोबती येथे वीतभर अंतरावर येतो, समोरासमोर येतो आणि मोठ्याने हसतो-बोलतो. दीड तासाच्या फेरीतील हा अर्धा तास सर्वांत जोखमीचा असतो, आणि सर्वांत सुखाचाही.

शर्यतींच्या जगाने ह्याच विचाराचा एक प्रयोग केला. २७ जूनला सुरू व्हावयाची ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत पुढे ढकलून २९ ऑगस्ट ते २० सप्टेंबर २०२० अशी घेतली गेली. २२ चमूंतील १७६ स्वार तीन आठवडे एकमेकांना खेटून धावणार होते. रस्त्यावर अंतर ठेवणे अशक्य. म्हणून रस्त्याबाहेरचे सारे जीवन आखण्यात आले. स्वार व त्यांचे साहाय्यक ह्यांना बाहेरच्यांपासून वेगळे ठेवले, चाचण्या घेतल्या, प्रेक्षकांना दूर राखले. पहिल्या विश्रांतीच्या दिवसाच्या चाचण्यांत काही चमूंचे कर्मचारी आणि स्वतः शर्यतीचे संचालक बाधित आढळले. स्वार एकही नाही. शर्यत पॅरिसला पोहोचली. ह्यावरून खेटून चालणे निर्धोक आहे असे अनुमान काढता येत नाही, कारण इतक्या चाचण्या व इतका बंदोबस्त सामान्य माणसाच्या आवाक्यातला नाही. एवढेच अनुमान निघते की धोक्याचा हिशेब दिवसाच्या चोवीस तासांचा मांडावा लागतो, सायकलवरच्या दोन तासांचा नव्हे.

जयपुरातही हाच हिशेब दुसऱ्या रीतीने दिसला. मार्च २०२० च्या अखेरीस तटबंदीच्या आतील रामगंज भागात रोग पसरला आणि तेथे संचारबंदी लागली. एका घरात अनेक कुटुंबे, अरुंद गल्ल्या आणि सामाईक जिने असलेल्या वस्तीत चार हातांचे अंतर राखावयाचे कोठे? रुंद रस्त्यावर वीस मीटरांचा वाद घालता येणे हीदेखील एक सुस्थिती होती, हे विसरून चालणार नाही.

हौसेखेरीजचे जथे

त्या वर्षी भारतातील रस्त्यांवर सायकलींचे सर्वांत मोठे जथे हौशी मंडळींचे नव्हतेच. २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली, रेल्वे व बसगाड्या थांबल्या, कारखाने बंद झाले. मुंबई, पुणे, सुरत, जयपूर अशा शहरांतील परप्रांतीय मजुरांपैकी अनेकांनी गाठीचे पैसे खर्चून जुन्या-नव्या सायकली घेतल्या आणि उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश ह्या दिशांना कूच केले. श्रमिकांसाठी खास गाड्या १ मे रोजी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी सुटलेल्या गाड्यांत जयपूरहून पाटण्याला जाणारी एक होती. परंतु गाडीत जागा मिळेतो धीर नसलेले वा जागा मिळण्याची आशाच नसलेले असंख्य लोक त्यानंतरही रस्त्यावर होतेच.

हे लोक जथ्यानेच का निघाले? हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून नव्हे. कॅरियरवर गाठोडे, दांडीवर पाण्याचा डबा अशा अवस्थेत त्यांचा वेग तितका नव्हताच. एकाची ट्यूब फुटली तर दुसऱ्याजवळ पंप असावा, रात्री महामार्गावर मालमोटारींच्या चालकांना एकटा माणूस दिसणार नाही पण दहा दिसतील, अडविले गेल्यास बोलणारा कोणी असावा, आजारी पडल्यास घरी निरोप देणारा असावा, म्हणून ते एकत्र निघाले. नियमाच्या भाषेत तो जमाव होता. त्यांच्या दृष्टीने तीच त्यांची एकमेव सुरक्षितता होती. मे महिन्यात बिहारमधील एका किशोरवयीन मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामपासून दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल चालविली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या सायकलवर दोघांत वीतभरही अंतर नव्हते, आणि एका घरातील दोघांना अंतराच्या नियमाची गरजही नव्हती. गरज होती ती बसगाडीची.

ह्या जथ्यांकडे पाहिले म्हणजे जथा ह्या गोष्टीचा गाभा कळतो. जवळ राहून मिळणारी श्रमाची बचत हा त्याचा एक लाभ. पण अडल्या-नडल्यास कोणीतरी आपल्याबरोबर आहे ही खात्री, हा खरा लाभ. पहिला लाभ चार हात दूर राहून मिळत नाही. दुसरा मात्र मिळतो.

ह्यातून काय शिकावे

२०२० च्या उत्तरार्धात शहाण्या सायकलस्वारांनी जे केले त्याचा मथितार्थ हाच होता. वीसजणांऐवजी चौघांनी निघावे. नेहमी त्याच चौघांनी निघावे, म्हणजे एखादा आजारी पडला तर कोणाला कळवावयाचे हे ठाऊक असते. वेग कमी ठेवावा, म्हणजे दुसऱ्याच्या पाठीमागील पोकळीची गरजच उरत नाही. सरळ रांगेऐवजी, रस्ता मोकळा असेल तेथे, तिरकस चालावे. शब्दांऐवजी हातांच्या खुणा कराव्यात. प्रत्येकाने आपले पाणी, पंप व पंक्चर काढण्याचे साहित्य बरोबर घ्यावे. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे फेरी संपल्यावर बाकावर न बसता, हात हलवून घरी जावे. ह्या साऱ्यात जथा दिसायला विरळ होतो, परंतु मोडत नाही. पुढचा चौकात थांबून मागच्याची वाट पाहतो तोवर तो जथाच आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. अंतराचे ते नियम आता उरलेले नाहीत आणि जयपूरच्या रस्त्यावर पहाटेचे जथे पुन्हा चाकाला चाक लावून जातात. तरीही त्या काळाचा अभ्यास निरर्थक नाही, कारण साथी पूर्वी आल्या तशा पुढेही येतील. तेव्हा नियम करणाऱ्यांनी मापाबरोबर मापाचे कारणही सांगावे. कारण सांगितले असेल तर उभ्या माणसाचा नियम धावत्याला कसा लावावा, उघड्यावरचा घरात कसा लावावा, हे माणूस आपल्या बुद्धीने ठरवू शकतो. नुसते माप सांगितले तर तो रस्त्यावर सहा फूट मोजतो आणि चहाच्या बाकावर ते विसरतो.

वाचकाला एक छोटा प्रयोग सुचवून हे प्रकरण संपवू. अंगणात किंवा गच्चीवर खडूने चार हातांची रेघ आखावी आणि तिच्या दोन टोकांना दोघांनी उभे राहावे. हात पुढे केले तर बोटे एकमेकांना लागणार नाहीत. पण हलक्या आवाजातले बोलणे नीट ऐकू येईल, चेहऱ्यावरचा थकवा दिसेल, आणि एकाला घेरी आली तर दुसरा दोन पावलांत त्याच्याजवळ पोहोचेल.